पिंजऱ्यातील हवा आणि कारखान्यातील हवा

बंगळूर शहराच्या वायव्येस पीण्या ही औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. यंत्रांचे सुटे भाग, इलेक्ट्रोप्लेटिंग, पावडर कोटिंग, स्प्रे पेंटिंग, तयार कपडे अशी नाना कामे करणारे लहानमोठे कारखाने तेथे एकमेकांना खेटून उभे आहेत. त्याच वसाहतीत रसायनांची परीक्षा प्राण्यांवर करणारी प्रयोगशाळाही आहे. २०११ साली भारताला आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या चाचणी-मान्यता व्यवस्थेत पूर्ण प्रवेश मिळाला. तेव्हापासून आपल्या अधिकृत प्रयोगशाळांचे निष्कर्ष युरोप-अमेरिकेतील सरकारेही ग्राह्य धरतात. परदेशी कंपन्या आपली रसायने तपासून घेण्यासाठी भारतात येतात, त्याचे हे एक कारण आहे.

अशा प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदराला एखादे रसायन हुंगवायचे असेल, तर प्रथम समितीची परवानगी घ्यावी लागते. मग त्याच्या नाकाशी येणाऱ्या हवेत ते रसायन नेमके किती आहे हे पुन्हा पुन्हा मोजले जाते. हवेचा प्रवाह, तापमान, दमटपणा, प्राण्याचे वजन, श्वासाचा वेग या सर्वांची तारखेनिशी नोंद होते. एक आकडा चुकला तर सारा प्रयोग रद्द ठरू शकतो.

त्याच वसाहतीत, काही गल्ल्या पलीकडे, एक कामगार रंगात हार्डनर मिसळून लोखंडी कपाटावर फवारा मारत असतो. त्याच्या नाकाशी येणारी हवा कोण मोजतो? ती मोजली गेली असेल, तर तो आकडा त्याला कोणी सांगितला? या अग्रलेखाचा विषय एवढाच आहे. मात्र हा प्रश्न केवळ बंगळूरचा नाही. चाकण, ठाणे-बेलापूर, तारापूर, वापी, पीथमपूर, जिथे जिथे कारखाना आहे तिथे तिथे तो आहे.

रसायनांमुळे जडणारा दमा म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. विषबाधा आणि अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विष जितके जास्त तितका अपाय जास्त आणि तो सर्वांनाच होतो. अ‍ॅलर्जीची रीत निराळी आहे. आयसोसायनेट, ट्रायमेलिटिक अ‍ॅनहायड्राइड, थॅलिक अ‍ॅनहायड्राइड, काही रिअ‍ॅक्टिव्ह रंग, प्लॅटिनमचे क्षार यांसारख्या रसायनांचे रेणू फार लहान असतात. एकटा रेणू शरीराच्या संरक्षक यंत्रणेच्या नजरेत भरत नाही. परंतु श्वासाबरोबर आत गेल्यावर तो शरीरातीलच प्रथिनांना चिकटतो. मग त्या संयुक्त वस्तूला शरीर परके मानते आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे व विशिष्ट पेशी तयार करते. हा पहिला टप्पा मुका असतो. आठवडे, महिने, कधी वर्षेही जातात. कामगाराला खोकला नसतो की धाप नसते. मग एखाद्या दिवशी, पूर्वी ज्याचा काहीच त्रास झाला नव्हता त्याहूनही कमी मात्रेत, श्वासनलिका आवळल्या जातात. छातीत शिट्टी वाजू लागते. हा दुसरा टप्पा होय. त्यानंतर रसायनाचा लवलेशही त्या माणसाला पुरेसा होतो.

हे ज्ञान सहजासहजी मिळालेले नाही आणि त्यात प्रयोगशाळेतील प्राण्यांचा वाटा मोठा आहे. १९३५-३६ च्या सुमारास कार्ल लँडस्टायनर आणि जॉन जेकब्ज यांनी साध्या रसायनांनी गिनीपिगच्या शरीरात अ‍ॅलर्जी निर्माण होते हे दाखवून दिले. तोपर्यंत अ‍ॅलर्जी ही मुख्यतः परागकण, घोड्याचा कोंडा, अंड्याचे प्रथिन अशा सजीवजन्य वस्तूंची गोष्ट मानली जात असे. पुढे फोम आणि पॉलियुरेथेनचा धंदा वाढला आणि टोल्युईन डायआयसोसायनेटने, म्हणजे टीडीआयने, कामगारांना दमा होत असल्याच्या नोंदी १९५० नंतर युरोपात येऊ लागल्या. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात मेरिल कॅरोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न गिनीपिगवर तपासला. प्राण्यांना रोज तीन तास असे सलग पाच दिवस टीडीआयची वाफ हुंगवली. काही आठवड्यांनी ते प्राणी हवाबंद पेटीत ठेवून त्यांच्या श्वासाची गती व खोली मोजली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतून दिसले ते असे : मात्रा अगदी कमी होती तेथे प्रतिपिंडे तयार झाली नाहीत. मात्रा वाढत गेली तशी प्रतिपिंडे बाळगणाऱ्या प्राण्यांची संख्याही वाढत गेली.

याचा अर्थ सरळ आहे. हा रोग कामगाराच्या नशिबाचा किंवा ‘नाजूक प्रकृती’चा खेळ नाही. तो हवेतील मात्रेवर अवलंबून आहे आणि मात्रा ही व्यवस्थापनाच्या हातातील गोष्ट आहे. ‘दहा जण त्याच खात्यात काम करतात, तुला एकट्यालाच कसा त्रास होतो?’ हा मालकाचा नेहमीचा सवाल. त्याला गिनीपिगने दिलेले उत्तर असे, की आज एकाला झाला आहे तो पहिल्याला झाला आहे. हवा तशीच राहिली तर दुसराही त्या वाटेवर असू शकतो.

त्याच संशोधकांनी १९८१ साली आणखी एक गोष्ट दाखवली होती आणि ती कारखान्यात फारशी पोहोचलेली नाही. टीडीआय गिनीपिगच्या केवळ कातडीला लावले, नंतर त्यांना थोडीशी वाफ हुंगवली, तरी त्यांच्या श्वासावर परिणाम झाला. म्हणजे फुप्फुसाच्या रोगाची सुरुवात हातापासूनही होऊ शकते. हार्डनरने माखलेले हात थिनरने पुसणारा हेल्पर आणि सांडलेले रसायन उघड्या हाताने चिंधीने टिपणारी सफाई कामगार स्त्री, यांना कोणी हातमोजे दिले नाहीत, तर ती केवळ कातडीची हेळसांड ठरत नाही.

प्राण्यांवरील प्रयोगांची मर्यादाही स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण शास्त्रीय दृष्टी म्हणजे शास्त्राची भाबडी भक्ती नव्हे. गिनीपिग म्हणजे माणूस नाही. उंदीर तर त्याहून वेगळा. टीडीआयने दमा झालेल्या अनेक कामगारांच्या रक्तात अपेक्षित प्रतिपिंडे सापडतच नाहीत आणि तरी त्यांचा दमा खराच असतो. त्वचेच्या अ‍ॅलर्जीसाठी उंदरांच्या लसिकाग्रंथींवरची आंतरराष्ट्रीय मान्यतेची चाचणी आहे. श्वसनमार्गाच्या अ‍ॅलर्जीसाठी मात्र तशी सर्वमान्य चाचणी आजही नाही. परिणामी कोणते रसायन दमा देते हे जगाला बहुधा आजारी कामगारांवरून कळले आहे. प्रयोगशाळेने जे आधी ओळखले नाही ते कारखान्याने नंतर सिद्ध केले. ज्या परीक्षेची परवानगी कोणी मागितली नाही, ज्यात मात्रा कोणी मोजली नाही आणि ज्यातील प्राणी मजुरीवर आणलेला होता, अशी ती परीक्षा होती.

या परीक्षेचे सर्वात भीषण प्रकरण आपल्याच देशात घडले. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुपीडितांच्या फुप्फुसांची तपासणी केली आणि पीडितांचे रक्तनमुने अभ्यासले गेले. १९८७ साली पिट्सबर्गच्या कॅरोल आणि मुंबईच्या डॉ. कामत, डॉ. सुधा गांगल यांचा संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. मिथाइल आयसोसायनेट हुंगवलेल्या गिनीपिगच्या शरीरात त्या रसायनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली होती आणि भोपाळच्या काही माणसांच्या रक्तातही ती आढळली. पिंजऱ्यातील प्राणी आणि झोपडपट्टीतील माणूस एकाच निबंधाच्या दोन भागांत शेजारी आले. फरक एवढाच होता की प्राण्याला दिलेली मात्रा शास्त्रज्ञांना ठाऊक होती. भोपाळच्या माणसाने त्या रात्री किती वायू हुंगला, हे कधीच कोणाला सांगता आले नाही.

भोपाळच्या दबावाखाली संसदेने १९८७ साली फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती केली. हवेतील रसायनांच्या कमाल मर्यादेचा तक्ता कायद्याच्याच परिशिष्टात आला. टीडीआयची मर्यादा आठ तासांच्या पाळीसाठी दहा लाख भाग हवेत ०.००५ भाग, म्हणजे वीस कोटी भाग हवेत एक भाग, इतकी कडक ठरली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगार व व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती बंधनकारक झाली. आयसोसायनेटची विषबाधा कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत होती. व्यवसायजन्य दमा भरपाईच्या आणि कामगार राज्य विम्याच्या कायद्यांत नोंदला गेला होता. हे हक्क कोणी दान म्हणून दिले नव्हते. हजारो मृतांच्या मोबदल्यात ते कागदावर आले होते. कागदावरून कारखान्यात उतरवण्याचे काम मात्र अर्धवटच राहिले, ही कामगार चळवळीने स्वतःशी कबूल करण्याची गोष्ट आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा इतिहासजमा झाला. त्याच्या जागी व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० आली आहे. तिच्यातील तीन गोष्टी पक्षसभासदांनी नीट वाचल्या पाहिजेत. पहिली : विजेवर चालणारा कारखाना पूर्वी दहा कामगारांवर ‘फॅक्टरी’ ठरत असे, आता वीस कामगार लागतात. पीण्यासारख्या वसाहतीत स्प्रे पेंटिंग आणि प्लेटिंगची कामे नेमकी या दहा ते एकोणीस माणसांच्या शेडमध्ये चालतात. दुसरी : सुरक्षा समिती कोठे नेमायची ते आता सरकारच्या आदेशावर अवलंबून आहे. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची : रसायनांच्या कमाल मर्यादेचा तक्ता संहितेच्या परिशिष्टात नाही. कलम ८८ नुसार ती मर्यादा राज्य सरकारने नियमांत ठरवायची आहे. भोपाळनंतर जो आकडा संसदेने कायद्यात कोरला होता, तो आता राज्याच्या सचिवालयात अधिसूचनेने बदलता येईल. भांडवल आपल्या राज्यात यावे म्हणून राज्याराज्यांत जी स्पर्धा चालली आहे, तिच्यात हा आकडा सैल होणार नाही याची हमी कोण देणार?

कर्नाटकाच्या अनुभवाने ही शंका बळावते. २०२३ साली कर्नाटक विधिमंडळाने कारखान्यातील दिवसाचे काम बारा तासांपर्यंत नेण्यास मोकळीक देणारी दुरुस्ती मंजूर केली. तिमाहीतील जादा कामाची मर्यादाही ७५ तासांवरून १४५ तासांवर नेली. चर्चा झाली ती गुंतवणुकीची आणि उत्पादकतेची. फुप्फुसाचा हिशेब मांडला गेला नाही. हवेतील मर्यादा आठ तासांच्या पाळीवर आणि त्यानंतरच्या सोळा तासांच्या विसाव्यावर बेतलेली असते. तीच हवा बारा तास हुंगली तर शरीरात दीडपट रसायन जाते आणि ते बाहेर टाकायला सोळाऐवजी बाराच तास उरतात. आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसच ठेवले तरी त्या त्या दिवसाचे हे गणित बदलत नाही. घड्याळाचे काटे सरकवले की मर्यादेचा आकडा आपोआप सैल होतो. त्यासाठी कायद्यातील एक अक्षरही खोडावे लागत नाही.

जगात याच्या उलट दिशेने पावले पडत आहेत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. युरोपीय संघात डायआयसोसायनेट हाताळणाऱ्या कामगाराला प्रशिक्षण दिल्याशिवाय ते वापरता येत नाही. ही अट २४ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली. २०२४ साली त्यांच्या हवेतील मात्रेवर तेथे संघभर बंधनकारक मर्यादा घालण्यात आली. तेथील भांडवलदार अधिक दयाळू आहेत म्हणून हे घडले असे कोणी समजू नये. रोगाची मोजदाद झाली, आकडे जाहीर झाले आणि संघटनांनी ते आकडे हाती धरून भांडण केले. ज्या रोगाची नोंद नाही, त्या रोगाची भरपाई नाही आणि त्याला प्रतिबंधही नाही.

मोजदाद करणे कामगारांच्या आवाक्याबाहेर आहे काय? मुळीच नाही. बंगळूर हे इलेक्ट्रॉनिक उद्योगाचे जुने शहर आहे, म्हणून त्याच धंद्यातील एक उदाहरण पाहू. तारा जोडताना डाख देण्यासाठी जी राळ वापरतात, तिच्या धुरानेही दमा होतो. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस डॉ. शेरवूड बर्ज व सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक कामगारांत हे सिद्ध केले. त्यांचे प्रमुख हत्यार होते पीक फ्लो मीटर, म्हणजे जोराने फुंकर मारून श्वासाचा वेग मोजायची साधी स्वस्त नळी. कामगाराने दिवसातून अनेक वेळा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही फुंकर मारायची आणि आकडा लिहायचा. कामाच्या दिवसांत आकडा घसरत जातो, सुट्टीत वर येतो आणि पुन्हा कामावर जाताच कोसळतो, असे दिसले तर रोगाचे मूळ घरात नसून खात्यात आहे असा जबर पुरावा हाती येतो.

ही नोंद महत्त्वाची ठरते याचे आणखी एक कारण आहे. या दम्याचा झटका पुष्कळदा पाळी संपल्यावर, संध्याकाळी किंवा मध्यरात्री येतो. कामगार दवाखान्यात जातो तेव्हा कारखाना दूर असतो. डॉक्टर धुळीचे, थंडीचे, बंगळूरच्या प्रसिद्ध परागकणांचे निदान करून औषध देतात आणि मोकळे होतात. ‘तू काम काय करतोस आणि सुट्टीत बरे वाटते का?’ हे दोन प्रश्न विचारले जात नाहीत. इकडे रसायनाशी संबंध चालूच राहतो. लक्षणे दिसू लागल्यावर माणसाला जितका उशिरा त्या हवेतून हलवावे, तितकी पूर्ण बरे होण्याची आशा कमी होते. पुष्कळ जणांचा दमा काम सोडल्यावरही आयुष्यभर सुटत नाही. आणि वास येत नाही म्हणून धोका नाही, हा समजही घातक आहे. टीडीआयचा वास नाकाला जाणवतो, तोवर हवेतील मात्रा मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेली असते. तोंडावर बांधलेला रुमाल तर वाफ अडवूच शकत नाही.

येथे एका कठीण गोष्टीकडे डोळेझाक करता येणार नाही. दमा झाला हे सिद्ध करणे म्हणजे कंत्राटी कामगाराच्या दृष्टीने पुष्कळदा नोकरी गमावणे होय. म्हणून तो खोकला लपवतो. कपड्यांच्या कारखान्यातील स्त्री पाळीच्या मध्ये इन्हेलर घेताना पाठ फिरवते. त्यांना ‘जागृत व्हा’ असा उपदेश करणे सोपे आहे, परंतु तो पोकळ आहे. आजारी कामगाराला त्याच पगारावर स्वच्छ हवेच्या खात्यात बदली मिळेल, असा करार संघटनेने आधी करून घेतला पाहिजे. तरच तो नळीत फुंकर मारील. आरोग्याचा प्रश्न अखेरीस नोकरीच्या हमीचा प्रश्न आहे आणि म्हणूनच तो डॉक्टरांवर सोपवून भागणार नाही.

तेव्हा मागणीपत्रात पगाराच्या कलमाशेजारी हवेचे कलम आले पाहिजे. हवेची मोजणी कामगार प्रतिनिधीच्या समोर व्हावी, आणि तीही रसायन प्रत्यक्ष फवारले जात असताना. दुपारी खाते बंद असताना घेतलेला नमुना काय कामाचा? निकाल कन्नड, मराठी, हिंदी, कामगार जी भाषा वाचतो त्या भाषेत फलकावर लागावा. रसायनाच्या डब्यात काय आहे ते लपवू नये. फवाऱ्याचे काम बंदिस्त खोलीत, हवा खेचणाऱ्या पंख्याखाली व्हावे आणि बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा मिळावा. जेथे रसायन बदलता येते तेथे ते बदलावे, कारण मुखवटा हा शेवटचा उपाय आहे. जेथे जेथे राज्य सरकार संहितेखालील नियम करते किंवा बदलते, तेथे तेथे जुन्या तक्त्यापेक्षा एकही आकडा सैल होता कामा नये, यासाठी लेखी हरकती नोंदवणे हे त्या त्या राज्यातील पक्षशाखांचे तातडीचे काम आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे व्यवसायजन्य आरोग्याचे प्रादेशिक केंद्र बंगळुरात १९७७ सालापासून आहे. संघटनांनी अशा सरकारी शास्त्रीय संस्थांचे दरवाजे ठोठावले पाहिजेत. जनतेच्या पैशावर उभे राहिलेले शास्त्र जनतेच्या फुप्फुसापर्यंत पोहोचवणे हेही संघटनेचे काम आहे.

बंगळूरच्या कामगारवर्गाला लढा नवा नाही. १९८०-८१ साली सार्वजनिक क्षेत्रातील कामगारांनी तेथे ७७ दिवसांचा संप लढवला. एप्रिल २०१६ मध्ये कपडे शिवणाऱ्या हजारो स्त्रिया भविष्य निर्वाह निधीच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरल्या आणि केंद्र सरकारला दोन दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला. पगार आणि निधी यांसाठी जी शक्ती उभी राहिली, ती श्वासासाठीही उभी राहू शकते.

प्रयोगशाळेतील प्राण्याच्या नाकाशी येणारी हवा मोजली जाते हे योग्यच आहे. त्या प्राण्याने माणसाला जे शिकवले त्याची किंमत त्याने जिवाने चुकवली आहे. पण ते शिकून झाल्यावरही कामगाराने तेच रसायन न मोजता हुंगावे, असे ज्या व्यवस्थेला वाटते तिच्या लेखी कामगाराची किंमत पिंजऱ्यातील उंदराहून कमी आहे. हा हिशेब उलटवायचा असेल, तर सुरुवात प्रत्येक खात्यात एकाच प्रश्नाने करावी लागेल : आमच्या नाकाशी येणाऱ्या हवेत काय आहे आणि किती आहे? त्याचे उत्तर आकड्यांत, लेखी आणि आमच्या भाषेत मिळेपर्यंत तो प्रश्न मागे घेता कामा नये.